गोळीतले संप्रेरक, नदीतले मासे

लंडनच्या उत्तरेकडून वाहत येऊन थेम्सला मिळणारी ली ही नदी तशी लहानच आहे. १९७० च्या दशकाच्या अखेरीस या नदीच्या परिसरात, विशेषतः सांडपाणी प्रक्रिया केंद्रांतून पाणी सोडले जाते त्या भागात, रोच जातीच्या माशांमध्ये काहीतरी विचित्र आढळू लागले. रोच हा कार्प गटातला, म्हणजे आपल्या रोहू-कटल्याचा लांबचा नातलग. त्याच्यात नर हा नर आणि मादी ही मादी असते. काही सागरी मासे आयुष्याच्या मध्यावर लिंग बदलतात तसा प्रकार या जातीत नाही. असे असूनही पोट उघडून पाहिल्यावर काही नरांच्या वृषणात, शुक्रपेशी तयार होतात त्याच उतीमध्ये, अंडपेशी विखुरलेल्या दिसत होत्या. एखाददुसऱ्या माशात असे दिसले असते तर ती निसर्गाची चूक म्हणून सोडून देता आली असती. तसे नव्हते, आणि हे मासे सांडपाण्याच्या आसपासचे होते, म्हणून शोध सुरू झाला.

पुढच्या टप्प्यात संशोधकांनी एक सरळ प्रयोग केला. रेनबो ट्राउट मासे पिंजऱ्यांत घालून ते इंग्लंड आणि वेल्समधील अनेक प्रक्रिया केंद्रांतून बाहेर पडणाऱ्या पाण्यात ठेवले आणि काही आठवड्यांनी त्यांचे रक्त तपासले. रक्तात शोधायचे होते ते व्हायटेलोजेनिन नावाचे प्रथिन. या प्रथिनावर पुढचा सगळा विषय उभा असल्यामुळे ते नीट समजून घेणे आवश्यक आहे. मादी माशाच्या पोटातली गाभोळी आपण आवडीने खातो, तिच्यातल्या प्रत्येक अंड्यात पिल्लाच्या वाढीसाठी बलक साठवलेला असतो. हा बलक अंडाशयात तयार होत नाही. विणीचा हंगाम जवळ आला की अंडाशय इस्ट्रॅडिओल हे स्त्री-संप्रेरक रक्तात सोडते, ते यकृतापर्यंत पोहोचते, यकृत त्या आदेशानुसार व्हायटेलोजेनिन बनवू लागते आणि रक्तावाटे ते अंडाशयात जाऊन बलक म्हणून साठते. व्हायटेलोजेनिन बनवण्याचे जनुक नराच्या यकृतातही असते, पण आदेश देणारे संप्रेरक त्याच्या रक्तात पुरेसे नसल्यामुळे ते जवळजवळ निद्रिस्त राहते. त्यामुळे नराच्या रक्तात हे प्रथिन मोठ्या प्रमाणात सापडले, तर त्याच्या शरीरात बाहेरून कुठून तरी इस्ट्रोजेनसारखे, म्हणजे इस्ट्रॅडिओल ज्या गटातले आहे त्या स्त्री-संप्रेरकांसारखे, काम करणारे द्रव्य शिरले आहे, असा निष्कर्ष निघतो.

पिंजऱ्यांतल्या ट्राउटच्या रक्तात हे प्रथिन ५०० पटींपासून १ लाख पटींपर्यंत वाढलेले आढळले. हे निष्कर्ष १९९४ मध्ये प्रसिद्ध झाले. १९९८ मध्ये लंडनजवळच्या ब्रुनेल विद्यापीठातील सुसान जॉबलिंग, जॉन सम्प्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ब्रिटनमधील नद्यांतल्या रोच माशांची पद्धतशीर पाहणी प्रसिद्ध केली, तेव्हा हा दोष ली नदीपुरता नाही हे स्पष्ट झाले. सांडपाणी जिथे सोडले जाते त्याच्या खालच्या बाजूला उभयलिंगी नरांचे प्रमाण जास्त होते आणि काही ठिकाणी तर तपासलेला प्रत्येक नर असा निघाला.

आता प्रश्न असा होता की सांडपाण्यातल्या हजारो रसायनांपैकी गुन्हेगार कोण? पहिला संशय औद्योगिक रसायनांवर होता आणि तो अगदीच चुकीचा नव्हता. यॉर्कशायरमधल्या एअर नदीत लोकर धुण्याच्या उद्योगातून येणारी नोनिलफिनॉलसारखी द्रव्ये इस्ट्रोजेनची नक्कल करत होतीच. पण घरगुती सांडपाण्यात काय आहे हे शोधण्यासाठी जी युक्ती वापरली गेली, तिला दाद द्यावीशी वाटते. पाव फुगवणाऱ्या यीस्टच्या पेशींत मानवी इस्ट्रोजेन-ग्राहीचे, म्हणजे इस्ट्रोजेनला ओळखून पकडणाऱ्या प्रथिनाचे, जनुक घातले गेले आणि इस्ट्रोजेन भेटताच यीस्टच्या भोवतीचा पिवळा द्रव लाल व्हावा अशी व्यवस्था केली गेली. मग सांडपाण्यातली द्रव्ये टप्प्याटप्प्याने वेगळी काढून प्रत्येक भाग या यीस्टपुढे ठेवला. ज्या भागाने रंग बदलला, त्याचे आणखी बारीक भाग पाडले, पुन्हा तपासले, आणि शेवटी उरले ते फक्त तीन रेणू. त्यांपैकी इस्ट्रॅडिओल आणि इस्ट्रोन ही दोन नैसर्गिक संप्रेरके प्रत्येक माणसाच्या लघवीतून बाहेर पडतात. तिसरे होते इथिनिल इस्ट्रॅडिओल, म्हणजे गर्भनिरोधक गोळीतले कृत्रिम इस्ट्रोजेन. औद्योगिक विष शोधायला निघालेल्या लोकांना शौचालयाच्या नळीपाशी येऊन थांबावे लागले, हे त्या काळात अनेकांना पटायला जड गेले.

इथिनिल इस्ट्रॅडिओल हा रेणू १९३८ मध्ये बर्लिनच्या शेरिंग कंपनीत हान्स इनहोफेन आणि वाल्टर होलवेग यांनी तयार केला. नैसर्गिक इस्ट्रॅडिओल तोंडावाटे घेतले तर आतडे आणि यकृत मिळून त्याचा बहुतेक भाग निकामी करून टाकतात, त्यामुळे त्याची गोळी बनवणे कठीण होते. या रसायनशास्त्रज्ञांनी रेणूच्या सतराव्या कार्बन अणूवर इथिनिल नावाचा एक लहानसा गट जोडला. तेवढ्याने शरीरातील विकरांना तो रेणू सहज मोडता येईना आणि अत्यंत कमी मात्रेत तो तोंडावाटे काम करू लागला. जगभरातल्या कोट्यवधी स्त्रियांना मूल कधी हवे हे ठरवण्याची मोकळीक ज्या टिकाऊपणामुळे मिळाली, तोच टिकाऊपणा सांडपाण्यात गेल्यावर अडचणीचा ठरतो. यकृताला जो रेणू लवकर मोडता येत नाही, तो जिवाणूंनाही लवकर मोडता येत नाही.

बाहेर पडताना तो निरुपद्रवी वाटावा अशा रूपात असतो. यकृत त्याला ग्लुकुरोनिक आम्ल किंवा सल्फेटची जोड देते, त्यामुळे तो पाण्यात सहज विरघळतो आणि त्याची संप्रेरक म्हणून असलेली शक्ती जवळजवळ नाहीशी होते. पण मैल्यात विपुल असणारे ई. कोलायसारखे जिवाणू ही जोड तोडतात आणि मूळ रेणू पुन्हा मोकळा होतो. म्हणजे शरीराने झाकून बाहेर टाकलेले औषध गटाराच्या वाटेवर पुन्हा उघडे पडते.

यात किती मात्रेचा प्रश्न आहे, हे अंकांत पाहिल्याशिवाय समजत नाही. आपल्याकडे सरकारी दवाखान्यांत मोफत मिळणाऱ्या माला-एन या गोळीत ०.०३ मिलिग्रॅम, म्हणजे ३० मायक्रोग्रॅम इथिनिल इस्ट्रॅडिओल असते, आणि त्यासोबत ०.१५ मिलिग्रॅम लेव्होनॉरजेस्ट्रेल. पाकिटातल्या २८ गोळ्यांपैकी २१ गोळ्यांतच संप्रेरके असतात. उरलेल्या सात लोहाच्या असतात. घेतलेल्या इथिनिल इस्ट्रॅडिओलपैकी ढोबळमानाने ४० टक्के भाग या ना त्या रूपात सांडपाण्यात पोहोचतो असे धरले, तर एका गोळीमागे १२ मायक्रोग्रॅम होतात. दहा हजार लिटरच्या पाण्याच्या टँकरमध्ये हे १२ मायक्रोग्रॅम मिसळले तर प्रत्येक लिटरमध्ये १.२ नॅनोग्रॅम येतात. एक नॅनोग्रॅम म्हणजे एका ग्रॅमचा शंभर कोटीवा भाग. दहा हजार लिटर हे शहरातल्या साधारण शंभर माणसांचे दिवसभराचे सांडपाणी असते, तेव्हा शंभर माणसांत एकच स्त्री गोळी घेत असली तरी कच्च्या सांडपाण्यात लिटरमागे नॅनोग्रॅमभर इथिनिल इस्ट्रॅडिओल असू शकते. प्रक्रिया आणि नदीचे पाणी यांमुळे हा आकडा आणखी खाली येतो हे खरे. पण सुरक्षित पातळी किती याचा अंदाज बांधणाऱ्या अभ्यासकांनी २००८ मध्ये ०.३५ नॅनोग्रॅम ही मर्यादा सुचवली आणि २०१२ मध्ये ती ०.१ नॅनोग्रॅमवर आणली. युरोपीय आयोगाने २०१२ मध्ये जे मानक प्रस्तावित केले ते तर त्याहून कमी, लिटरमागे ०.०३५ नॅनोग्रॅम इतके होते.

इतक्या अल्प प्रमाणाने माशाचे काय बिघडणार, अशी शंका कोणालाही येईल. तिचे उत्तर माशाच्या शरीररचनेत आहे. इस्ट्रॅडिओल हा रेणू माशात आणि माणसात तंतोतंत एकच आहे. कोट्यवधी वर्षांच्या उत्क्रांतीत तो बदललेला नाही. त्यामुळे माणसासाठी बनवलेले औषध माशाच्या ग्राहीलाही ओळखीचे वाटते, आणि माशांच्या शरीरात इथिनिल इस्ट्रॅडिओलचा परिणाम नैसर्गिक इस्ट्रॅडिओलपेक्षा दहा ते पंचवीस पट जास्त असल्याचे प्रयोगांत दिसले आहे. शिवाय मासा हे पाणी नुसते पीत नाही. त्याचे कल्ले चोवीस तास पाणी गाळत असतात, स्निग्ध पदार्थांत विरघळणारा हा रेणू कल्ल्यांतून थेट रक्तात जातो आणि शरीरात पाण्याच्या काही शे पट साचतो.

मत्स्यशेती करणाऱ्यांना यात फारसे नवल वाटणार नाही, कारण संप्रेरकांच्या थेंबभर मात्रेने माशाचे प्रजनन कसे हलवता येते हे त्यांना रोजच्या व्यवहारातून ठाऊक असते. मत्स्यशास्त्रज्ञ हिरालाल चौधरी यांनी १० जुलै १९५७ रोजी ओडिशात माशाच्या पियूष ग्रंथीचा अर्क टोचून, बंदिस्त पाण्यात सहसा अंडी न घालणाऱ्या कार्प माशांकडून अंडी घालून घेतली, आणि देशातला मत्स्यबीजाचा सारा व्यवसाय त्यातून उभा राहिला. दुसरे उदाहरण चिलापीचे, म्हणजे तिलापियाचे आहे. उजनीसारख्या धरणांत मच्छीमारांच्या जाळ्यात भरपूर येणारा हा मासा जगभर शेततळ्यांत वाढवला जातो. त्याची मादी अंडी आणि पिल्ले तोंडात सांभाळते, त्या काळात खात नाही, म्हणून वाढत नाही, आणि तळ्यात पिल्लांची गर्दी होते ती वेगळीच. त्यावर उपाय म्हणून अनेक देशांतील बीजकेंद्रे पिल्लांना पहिले तीन-चार आठवडे मिथाइल टेस्टोस्टेरॉन हे पुरुष-संप्रेरक मिसळलेले खाद्य देतात, आणि जनुकांनुसार मादी असलेली पिल्लेही नर म्हणून वाढतात. त्यानंतर खाद्य बदलले तरी ती नरच राहतात.

चिलापीच्या या उदाहरणातली खरी गोष्ट त्या तीन-चार आठवड्यांची आहे. बहुतेक माशांत अंड्यातून बाहेर आलेल्या पिल्लाची जननग्रंथी काही काळ कच्ची असते; तिने वृषण व्हायचे की अंडाशय, हे जनुके, तापमान आणि शरीरातल्या संप्रेरकांचा तोल यांवर ठरते. प्रौढ नराला इस्ट्रोजेन मिळाले तर त्याचे यकृत व्हायटेलोजेनिन बनवू लागते, मूत्रपिंडावर त्या अनावश्यक प्रथिनाचा ताण येतो, शुक्रपेशी कमी होतात. पण पाणी स्वच्छ झाले तर यातले बरेचसे मागे फिरू शकते. पिल्लाला त्या नाजूक आठवड्यांत इस्ट्रोजेन मिळाले तर मात्र जननग्रंथीची बांधणीच वेगळी होते. शुक्रपेशी बाहेर नेणाऱ्या नलिकेच्या जागी अंडाशयाची पोकळी तयार होते आणि हा बदल पुढे बहुधा कायम राहतो. म्हणून मोठ्या माशांची तपासणी करून नदी ठीक आहे असे म्हणणे पुरेसे नसते.

प्रयोगशाळेतले पुरावे या बाबतीत भक्कम आहेत. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात झेब्रा माशांना जन्मापासून लिटरमागे ५ नॅनोग्रॅम इथिनिल इस्ट्रॅडिओल असलेल्या पाण्यात ठेवले. त्यांनी मोठे होऊन घातलेल्या अंड्यांची संख्या निम्म्याहून कमी झाली आणि त्यांतले एकही अंडे फळले नाही, कारण नरांना काम करणारे वृषणच नव्हते. यातली एक बाब मला सर्वांत अस्वस्थ करणारी वाटते. या निकामी नरांचे वागणे नराचेच राहिले होते. ते मादीच्या मागे जात, अंडी घालताना तिच्याशेजारी जागा पटकावत आणि निरोगी नरांना तिथून हुसकावत. म्हणजे असा नर स्वतः अपत्यहीन राहतोच, पण शेजारच्या चांगल्या नराची संधीही वाया घालवतो. कळपात किती टक्के नर बिघडले एवढेच मोजून नुकसानीचा अंदाज येत नाही. रोच माशांवर ४ नॅनोग्रॅमच्या पाण्यात दीर्घकाळ केलेल्या प्रयोगात तर सगळा कळपच मादी निघाला.

तरीही टाकीतला प्रयोग म्हणजे नदी नव्हे, असा आक्षेप राहतोच. तो दूर करणारा प्रयोग कॅनडात झाला आणि या विषयात त्याच्या तोडीचा दुसरा प्रयोग नाही. ऑन्टॅरिओ प्रांताच्या वायव्य भागात, रस्त्यांपासून आणि वस्तीपासून दूर, ५८ लहान तलाव १९६८ पासून केवळ संशोधनासाठी राखून ठेवले आहेत. तिथे अख्खा तलावच प्रयोगाची टाकी म्हणून वापरता येतो. यांपैकी २६० क्रमांकाच्या तलावात कॅरेन किड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आधी दोन वर्षे माशांची नोंद ठेवली, आणि मग २००१, २००२ व २००३ अशी तीन वर्षे, बर्फ नसलेल्या महिन्यांत, पाण्यात ठरावीक काळाने इथिनिल इस्ट्रॅडिओल सोडून त्याची पातळी लिटरमागे ५ ते ६ नॅनोग्रॅमच्या आसपास राखली. नदीत सामान्यतः असते त्याहून हे जास्त आहे, पण प्रक्रिया केंद्रातून नुकत्याच बाहेर पडलेल्या पाण्यात अशी पातळी नोंदली गेली आहे. तुलनेसाठी शेजारचे तलाव तसेच ठेवले होते.

या तलावात फॅटहेड मिनो नावाचा बोटाएवढा मासा विपुल होता. त्याचे आयुष्य दोन-तीन वर्षांचे. विणीच्या दिवसांत नराच्या डोक्यावर खरखरीत उंचवटे येतात, तो दगडाच्या किंवा ओंडक्याच्या खालच्या बाजूला जागा साफ करतो, मादी तिथे अंडी चिकटवते आणि पुढे नर त्यांची राखण करतो. संप्रेरक सोडल्यानंतर पहिल्याच उन्हाळ्यात या नरांच्या शरीरातील व्हायटेलोजेनिन हजारो पटींनी वाढले. मग वृषणांची वाढ खुंटली, काहींत अंडपेशी दिसू लागल्या. माद्यांच्याही अंडाशयातली अंड्यांची वाढ बिघडली, ही बाब अनेकदा विसरली जाते. तोवर तलावात मासे दिसत होते, कारण आधीच्या वर्षांत जन्मलेले मासे जिवंत होते. दुसऱ्या हंगामानंतर मात्र नवीन पिल्लांची पिढीच दिसेनाशी झाली, जुने मासे वयाने मरत गेले आणि मिनो तलावातून जवळजवळ नाहीसा झाला. २००७ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. कोणताही मासा विषबाधेने पोट वर करून तरंगला नव्हता. नुसता पाळणा थांबला, आणि ज्या माशाचे आयुष्यच दोन-तीन वर्षांचे, त्याला तेवढे पुरेसे होते.

परिणाम मिनोपाशी थांबला नाही. मिनो खाऊन जगणारा लेक ट्राउट हा मोठा मासा स्वतः या संप्रेरकाने मेला नाही, पण त्याचे खाद्य गेल्यामुळे त्याचीही संख्या आणि वजन घटले. उलट ज्यांना लहान मासे खात असत त्या कीटकांना आणि पाण्यातल्या सूक्ष्म प्राण्यांना मोकळे रान मिळाले. पुढे संप्रेरक सोडणे थांबवल्यावर तीन-चार वर्षांत मिनोची संख्या पूर्ववत झाली. या सुधारणेला दोन गोष्टी कारणीभूत होत्या: तलावात थोडे तरी मासे शिल्लक राहिले होते आणि संप्रेरकाचा पुरवठा पूर्णपणे बंद झाला होता. शहराखालच्या नदीत दुसरी गोष्ट कधीच घडत नाही. जाता जाता सांगायला हरकत नाही की २०१२ मध्ये कॅनडाच्या तत्कालीन सरकारने या तलावांचा निधी बंद करण्याचा निर्णय घेतला होता. २०१४ मध्ये एका स्वतंत्र संस्थेने ते चालवायला घेतले म्हणून हे काम पुढे चालू राहिले.

आता दुसरी बाजू. ब्रिटनच्या नद्यांत इतके उभयलिंगी नर सापडूनही रोच मासा नाहीसा झालेला नाही. तीव्र स्वरूपात बिघडलेल्या नरांची पिल्ले जन्माला घालण्याच्या क्षमतेत ७६ टक्क्यांपर्यंत घट होते असे एका प्रयोगात दिसले होते, तरी २०१४ मध्ये जनुकीय तपासणीतून असे आढळले की सांडपाण्याने भरलेल्या नद्यांतले रोच कळप बाहेरून भर न पडताही टिकून आहेत. रोच बरीच वर्षे जगतो, एक मादी हजारो अंडी घालते आणि सौम्य बिघाड असलेले नर काही प्रमाणात बाप होऊ शकतात. त्यामुळे एका तलावातला मिनो बुडाला म्हणून जगातल्या सगळ्या नद्यांतले मासे बुडणार, असे म्हणणे शास्त्राला धरून नाही. अल्पायुषी मासे आणि दीर्घायुषी मासे यांच्यातला हा फरक ध्यानात न घेता लिहिलेल्या बातम्या एक तर घबराट पसरवतात, नाही तर सगळेच आलबेल असल्याचे भासवतात.

गोळीतला दुसरा घटक, लेव्होनॉरजेस्ट्रेल, याकडे उशिरा लक्ष गेले. तो प्रोजेस्टेरॉन या दुसऱ्या स्त्री-संप्रेरकासारखा असला तरी माशांत काही अंशी पुरुष-संप्रेरकासारखा वागतो, आणि लिटरमागे एका नॅनोग्रॅमहून कमी मात्रेतही मिनोच्या माद्यांची अंडी घटल्याचे २००९ मधील प्रयोगात आढळले. स्वीडनमध्ये प्रक्रिया केलेल्या सांडपाण्यात ठेवलेल्या ट्राउट माशांच्या रक्तात त्याचे प्रमाण गोळी घेणाऱ्या स्त्रीच्या रक्तातल्या प्रमाणाहूनही जास्त निघाले होते.

या सगळ्याचा दोष गोळी घेणाऱ्या स्त्रियांच्या माथी मारण्याचा प्रकार अधूनमधून घडतो. २००९ मध्ये व्हॅटिकनच्या वृत्तपत्रातल्या एका लेखाने पर्यावरणाचा हवाला देत गोळीला लक्ष्य केले होते. मला ही मांडणी अप्रामाणिक वाटते, कारण ती सांडपाण्यातल्या उरलेल्या इस्ट्रोजेनकडे डोळेझाक करते. स्त्री, पुरुष आणि मुले, सर्वांच्या शरीरातून इस्ट्रॅडिओल आणि इस्ट्रोन बाहेर पडत असतात. गर्भारपणात त्यांचे प्रमाण कित्येक पटींनी वाढते. गोठ्यांतल्या गाभण जनावरांच्या मलमूत्रातून येणारा भाग त्याहून निराळा. वजनाने पाहिले तर नैसर्गिक संप्रेरकांपुढे गोळीचा वाटा किरकोळ ठरतो, आणि अमेरिकेतल्या २०११ च्या एका आढाव्याने पिण्याच्या पाण्यातल्या इस्ट्रोजेनबाबत हेच सांगितले. इथिनिल इस्ट्रॅडिओलचा माशांवरचा परिणाम मोठा दिसतो तो त्याच्या जोरकसपणामुळे आणि टिकाऊपणामुळे. गोळी बंद केल्याने नदी शुद्ध होणार नाही, नको असलेली गर्भारपणे मात्र वाढतील, आणि गर्भवती स्त्री सांडपाण्यात किती इस्ट्रोजेन सोडते हे वर आलेच आहे.

माणसाने हे पाणी प्यायले तर काय, हा प्रश्नही लगेच विचारला जातो. लिटरमागे १ नॅनोग्रॅम असलेले पाणी रोज दोन लिटर प्यायले, तर एका गोळीइतकी मात्रा पोटात जायला १५ हजार दिवस, म्हणजे ४१ वर्षे लागतील. नळाच्या पाण्यात तर हे प्रमाण त्याहून बरेच कमी असते. रात्रंदिवस कल्ल्यांतून तेच पाणी फिरवणाऱ्या माशाची स्थिती आणि आपली स्थिती यांत एवढे अंतर आहे.

उपाय तंत्रज्ञानाच्या दृष्टीने अवघड नाही, खर्चाच्या दृष्टीने आहे. शुद्ध केलेल्या पाण्यात ओझोन सोडला, किंवा ते पाणी सक्रिय कार्बनमधून गाळले, तर इथिनिल इस्ट्रॅडिओल बहुतांशी निघून जाते. युरोपीय आयोगाचे २०१२ चे प्रस्तावित मानक इंग्लंड आणि वेल्समध्ये पाळायचे तर सुमारे १,३६० केंद्रांवर २६ ते ३० अब्ज पौंड खर्च येईल, असा हिशेब त्या वर्षी जॉबलिंग आणि रिचर्ड ओवेन यांनी मांडला होता. मानक बारगळले, आणि २०१५ मध्ये हे द्रव्य केवळ देखरेखीच्या यादीत गेले. स्वित्झर्लंडने मात्र २०१६ पासून माणशी वर्षाला ९ फ्रँकपर्यंतचा कर घेऊन २०४० पर्यंत शंभरहून अधिक केंद्रे सुधारण्याचे काम हाती घेतले आहे. युरोपीय संघाने २०२४ मध्ये सांडपाण्याचा नवा कायदा करून ओझोन किंवा कार्बनच्या या जादा, म्हणजे चौथ्या टप्प्याचा किमान ८० टक्के खर्च औषध आणि सौंदर्यप्रसाधने बनवणाऱ्या कंपन्यांवर टाकला, आणि औषध उद्योगाने २०२५ मध्ये त्याला न्यायालयात आव्हान दिले.

भारतातले चित्र वेगळे आहे. इथे कुटुंबनियोजनाचा मुख्य भार अजूनही स्त्रियांच्या नसबंदीवर आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार सुमारे ३८ टक्के विवाहित स्त्रिया नसबंदीवर आणि केवळ ५ टक्क्यांच्या आसपास गोळीवर अवलंबून आहेत. सरकारी योजनेतली ‘छाया’ ही लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेने शोधलेली आठवडी गोळी तर स्टेरॉइड वर्गातली, म्हणजे इस्ट्रोजेनसारख्या संप्रेरकांची, नाहीच. तेव्हा गोळीतल्या इस्ट्रोजेनचा वाटा युरोपच्या मानाने कमी असणार. पण केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२०-२१ च्या अहवालानुसार देशातल्या शहरांत रोज सुमारे ७२,३६८ दशलक्ष लिटर सांडपाणी तयार होते आणि त्यांपैकी प्रत्यक्ष प्रक्रिया होते ती सुमारे २०,२३६ दशलक्ष लिटरवर. उरलेले पाणी त्यातल्या सगळ्या नैसर्गिक संप्रेरकांसह नद्यांत जाते, आणि पुण्याखालच्या मुळा-मुठेसारख्या नदीत उन्हाळ्यात त्याला पातळ करायला वरून येणारे पाणी फारसे नसते. हीच मुळा-मुठा पुढे भीमेला मिळून उजनीत उतरते.

अशा ठिकाणी ओझोनची चर्चा पुढची आहे. मैलापाणी हवा देत ढवळत ठेवणाऱ्या नेहमीच्या प्रक्रियेत जिवाणूंचा गाळ पुरेसे दिवस टाकीत राहिला, तर इस्ट्रॅडिओल आणि इस्ट्रोनचा मोठा भाग तिथेच मोडतो, कारण असे रेणू खाणारे जिवाणू सावकाश वाढतात आणि गाळ लवकर बाहेर काढला की तेही त्यासोबत निघून जातात. इथिनिल इस्ट्रॅडिओल तिथे कमी मोडते, पण त्याचा काही भाग गाळाला चिकटून पाण्यातून बाजूला होतो. तो गाळ शेतात टाकायचा की जाळायचा हा वेगळा प्रश्न आहे. हवा पोहोचत नाही अशा नदीतळाच्या काळ्या चिखलात मात्र हा रेणू फारसा मोडतच नाही, त्यामुळे प्रक्रियेविना सोडलेल्या पाण्यातला भाग तिथे दीर्घकाळ साचून राहू शकतो. ओझोन किंवा कार्बनचा टप्पा केंद्रातली ही पहिली कामे व्यवस्थित चालू झाल्यावरच जोडता येतो, कारण घाणीने भरलेल्या पाण्यात ओझोन त्या घाणीवरच खर्च होऊन जातो आणि कार्बनची छिद्रे संप्रेरकाचा रेणू पोहोचण्याआधीच बुजून जातात.